सॅनसॅपची फटकळ बाई

बँकॉकमध्ये नवीन राहायला आलेल्या माणसाला इथले जुने रहिवासी आधी वाट अरुण दाखवतात, मग एखादा मॉल, मग चाओ फ्रायाच्या काठावरचं हॉटेल. मी तुमची ओळख हिच्याशी करून देतो. ही सॅनसॅप कालव्यातली बोट. अंगाने लांबट, बसकी. डोक्यावर खालीवर होणारं छप्पर. दोन्ही कुशींना प्लास्टिकचे पडदे. आवाज असा की पुलापलीकडे असतानाच कळावं, बाई आल्या. नमस्कार करायला हरकत नाही, पण उत्तराची वाट पाहू नका. हात पुढे केलात तर तो ती हातात घेणार नाही. दंडाला धरून आत ओढेल आणि तिकिटाचे पैसे मागेल.

तिचा स्वभाव कळायचा तर आधी या शहराचा कळायला हवा. बँकॉक परक्याशी फार गोड वागतं. बँकेतली मुलगी, इमारतीच्या दारातला रखवालदार, कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमधला पोरगा, सगळे हात जोडतात, सगळे हसतात. तुमचं थाई कितीही वाकडंतिकडं असो, 'किती छान बोलता' असंच म्हणतात आणि पुढचं इंग्रजीत बोलतात. आपण कुठे राहतो हे दर ९० दिवसांनी सरकारला कळवायचं असतं. त्याला उशीर झाला तर दंडसुद्धा हसून घेतात. काही बिनसलं तर 'मै पेन राय', चालायचंच. या गोडव्यात वर्षं निघून जातात आणि एक दिवस लक्षात येतं, आपण अजून ओसरीवरच बसलो आहोत. पाहुण्यावर कोणी डाफरत नाही. ही डाफरते. पहिल्याच भेटीत, ओळखदेख नसताना, चारचौघांत. इथले रहिवासी झाल्याचा पहिला दाखला, माझ्या मते, तिच्याकडूनच मिळतो, आणि त्यासाठी फॉर्म भरावा लागत नाही.

ती धक्क्याला लागते. थांबते असं काही म्हणता येणार नाही. कडेला बांधलेल्या जुन्या टायरांवर अंग घासते, कंडक्टर उडी मारून दोराचा एक वेढा खुंटाला टाकतो, इंजिन धडधडतच राहतं. तेवढ्यात पंधरावीस माणसं उतरतात आणि तितकीच चढतात. चढायला दार नाही, पायरी नाही. पाय बोटीच्या काठावर, तिथून दोन बाकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. धक्का जागेवर, बोट खालीवर. मधली फट मोठी होते, लहान होते, आणि तिच्या तळाशी काळं पाणी. मुंबईच्या लोकलवर वाढलेल्याला वाटतं, ही काय आपल्याला शिकवणार? पण विरारचा फलाट निदान डुलत तरी नाही.

उंच टाचांचे सँडल, एका हातात बर्फाच्या कॉफीचा पेला, दुसऱ्या हातात फोन, अशी ऑफिसची मुलगी फोनवरची नजर न काढता चढते. तिच्यामागे एखादा सहा फुटी धडधाकट गोरा काठाशी उभा राहून फटीचा अंदाज घेत असतो. विचार करणाऱ्या माणसांचा हिला मनापासून तिटकारा. 'रेव, रेव!' अशी हाळी येते, म्हणजे आटपा. तरीही गृहस्थ मोजमापातच असले, तर ती दोर सोडवून घेते आणि निघून जाते. मागून दुसरी येतेच. तीही अशीच.

बसण्याच्या जागांचं तिचं शास्त्र वेगळं आहे. काठाची जागा हवेशीर दिसते म्हणून नवखा तिथे जाऊन बसतो. ती जागा नव्हे, नोकरी आहे. समोरून दुसरी बोट आली की दोघींच्या लाटा एकमेकींवर आपटतात आणि पाणी आत झेपावतं. त्याच्या क्षणभर आधी काठावरच्याने दोर ओढून पडदा वर घ्यायचा आणि बोट गेली की सोडायचा. सोडायला विसरलात तर आत भट्टी. ओढायला विसरलात तर अख्ख्या रांगेचे इस्त्रीचे शर्ट गेले. सूचना, पाटी, प्रशिक्षण काही नाही. नवखा 'हा दोर कशाचा बुवा' म्हणून बघत बसला, की शेजारच्या आजी त्याच्या मांडीवरून वाकून स्वतः दोर ओढतात. आणि हसत नाहीत. बँकॉकमध्ये न हसणाऱ्या आजी बघायच्या असतील तर इथेच.

तिचे हातपाय म्हणजे तिचे कंडक्टर. त्यांना आत फिरायला वाट नसते, कारण बाकं या कुशीपासून त्या कुशीपर्यंत आडवी. म्हणून ते बाहेरून फिरतात. बोट भरधाव असताना, हातभर रुंदही नसलेल्या काठावरून, एका हाताने छपराचा दोर धरून. दुसऱ्या हातात तिकिटांची चळत, बोटांच्या बेचक्यात उभ्या दुमडलेल्या नोटा, डोक्यावर बहुतेकदा हेल्मेट. हेल्मेट शोभेचं नाही. कालव्यावरचे पूल ठेंगणे आहेत. पूल जवळ आला की ते न बघता खाली वाकतात, तुमच्या कानाशी 'कुठे उतरणार?' विचारतात, आणि पूल मागे पडेपर्यंत सुटे पैसे तुमच्या हातात असतात. छप्परही त्याच वेळी खाली येतं. बसलेल्यांच्या डोक्यावर ते टेकेल की काय असं वाटतं, पण टेकत नाही. ती स्वतःही वाकते, म्हणजे तिला वाकता येत नाही असं नाही. पुलापुढे वाकते, माणसापुढे नाही.

तोंडही तिला कंडक्टरांचंच. 'छित नाय!' म्हणजे आत सरका. हे वाक्य ती दिवसातून किती वेळा म्हणत असेल याचा हिशेब चित्रगुप्तालाही ठेवता येणार नाही. गंमत म्हणजे थाई समाजात वय, हुद्दा, नातं बघून संबोधन बदलतं. मोठ्याला 'पी', लहानाला 'नोंग', बाई वयस्कर असतील तर 'पा', म्हणजे मावशी. कोणाला किती वाकून हात जोडायचे याचाही हिशेब असतो. ती हे सगळं धक्क्यावर ठेवून येते. कारकून, कॉलेजकन्या, टाय लावलेले साहेब, सगळ्यांना एकच 'आत सरका'. मान फक्त भिक्खूंना. भगवी वस्त्रं दिसली की बायका आपोआप अंग चोरून जागा करतात, आणि कंडक्टरचा आवाजही, काम उरकण्यापुरता, एक पट्टी खाली येतो.

भाव सगळ्यांना एक, हा तिचा दुसरा मोठा गुण. इथे राहणाऱ्या परक्याला दोन भावांची सवय झालेली असते. राजवाडा बघायचा तर थाई माणसाला फुकट आणि आपल्याला ५०० बाट. राष्ट्रीय उद्यानाच्या दारावर स्थानिकांचा दर थाई आकड्यांत आणि आपला इंग्रजी आकड्यांत लिहिलेला दिसतो. तुम्ही थाई आकडे शिकलात की आनंद होण्याऐवजी त्रासच होतो. हिच्याकडे दर अंतराप्रमाणे, दहा-वीस बाटच्या घरात. तुमचा पासपोर्ट कुठला, वर्क परमिट आहे की नाही, बायको थाई आहे का, याच्याशी तिला कर्तव्य नाही. मात्र हजाराची नोट काढलीत तर मग तुम्ही कुठल्याही देशाचे असा, ऐकून घ्यावं लागेल.

आता वासाबद्दल. तो विषय टाळून ओळख पुरी होणार नाही. सॅनसॅपचं पाणी काळं आहे, आणि बाजारांचं, घरांचं, हॉटेलांचं सांडपाणी पोटात घेऊन ते जो वास सोडतं त्यात डिझेल मिसळलं की तिचा नेहमीचा परिमळ तयार होतो. सकाळी तो जरा सौम्य असतो. एप्रिलच्या दुपारी बोलूच नये. पाण्याचा थेंब ओठाला लागला तर माणसं लगेच पुसत नाहीत, आधी श्वास रोखतात आणि मग पुसतात. कालवा स्वच्छ करण्याच्या घोषणा सरकारं करत आली आहेत. २०२१ ते २०३१ असा एक लांबलचक आराखडाही मंजूर झाला. काठावर नवे पदपथ, कठडे, झाडांच्या कुंड्या दिसू लागल्या आहेत, आणि पाणीही पूर्वीपेक्षा बरं आहे असं नेहमीचे लोक म्हणतात. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. तिच्या मते नाक हा नव्या माणसाचा अवयव आहे. जुना झाला की आपोआप गळतो.

या पाण्यात तिला सोबतीण आहे ती घोरपड. लहानसहान नव्हे, पुरुषभर लांबीचीसुद्धा. आपल्याकडे घोरपड म्हटलं की गडाची भिंत आठवते. इथे ती शिवी आहे, आणि फार वाईट शिवी आहे. म्हणून सभ्य लोक तिला 'तुआ न्गन तुआ थोंग' म्हणतात, रुपं-सोनं. ही रुप्यासोन्याची बाई पाण्यात नाक वर काढून संथ पोहत असते. बोट आली की डुबकी मारते. बोट तिच्यासाठी वेग कमी करत नाही, पण नेमाने चुकवते. दोघींचं काय ठरलं आहे ते त्यांनाच ठाऊक.

घराण्याचा अभिमान तिला आहे, नाही असं नाही. ती स्वतः तशी अलीकडची; सध्याची प्रवासी सेवा १९९० मध्ये सुरू झाली. शहर तेव्हा वाहनांच्या कोंडीने जगभर बदनाम झालेलं होतं आणि स्कायट्रेन यायला अजून नऊ वर्षं होती. पण ज्या कालव्यात ती धावते तो राजा तिसऱ्या रामाच्या कारकिर्दीत, १८३७ ते १८४० या काळात खणला गेला. कंबोडियावरून अन्नमशी, म्हणजे आजच्या व्हिएतनामशी, युद्ध चालू होतं आणि सैन्य, दारूगोळा, धान्य पूर्वेच्या बांग पाकोंग नदीपर्यंत जलमार्गाने न्यायचं होतं. खणायला चिनी मजूर लावले होते. तेव्हा तिची घाई ही वाडवडिलांपासून चालत आलेली आहे. लढाई केव्हाच संपली, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

बाकीच्या भावंडांचं भलं झालं नाही. बँकॉक एके काळी कालव्यांचंच शहर होतं. मग रस्ते हवेसे झाले. सिलोमचा कालवा बुजला, चौथ्या रामाच्या रस्त्याकडेचा बुजला, आणखी कितीतरी बुजले. त्यांच्यावर आता मोटारी उभ्या असतात. पुढे जातात असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. सॅनसॅप उरला. पूर्वेला मिन बुरीच्या पलीकडे तो शेतांमधून जातो आणि त्याची एकूण लांबी सत्तरेक किलोमीटर भरते. हिच्या वाट्याला त्यातले शहरातले सुमारे १८ किलोमीटर आले आहेत. पूर्वेचं टोक वाट श्रीबुनरुआंग, पश्चिमेचं फान फा पूल. पुलाशी उतरून मान वर केली की वाट साकेतचा सोनेरी डोंगर दिसतो. बोटीतून मात्र तो शेवटपर्यंत दिसत नाही, कारण पडदा वर असतो. देखावा दाखवणं हे आपलं काम नाही, यावर ती ठाम आहे.

देखाव्याचं काम करणारी एक थोरली जाऊ तिला आहे, चाओ फ्रायावरची. ती नदीवरून ऐटीत जाते, शेपटीला रंगीत झेंडे लावते, पर्यटकांना देवळं दाखवते, तिचे फोटो निघतात. दोघी एकमेकींना भेटत नाहीत. एकीचं शेवटचं स्थानक दुसरीच्या धक्क्यापासून चांगलंच लांब ठेवलं आहे, आणि भर उन्हात ते अंतर चालताना माणसाला वाटतं, घरातली भांडणं निदान नकाशात तरी यायला नको होती.

खरं वैर स्कायट्रेनशी. ती १९९९ च्या डिसेंबरात आली. थंडगार, चकचकीत, दार उघडण्याआधी गोड आवाजात सांगणारी. आपल्या बाईंची गिऱ्हाइकं घटतील असं वाटलं होतं. पण सकाळी आठ वाजता थोंग लोहून प्रातूनामला पोचायचं असेल तर शहाणा माणूस आजही खाली पाण्याकडे उतरतो. पाण्यात सिग्नल नाही. आता रामखमहॅंगच्या बाजूला हिला जवळजवळ समांतर अशी नारिंगी मेट्रोची मार्गिका बांधली आहे. तिचं नाव निघालं की बाई जरा जास्तच काळा धूर सोडतात, असा मला संशय आहे.

परक्यांच्या बाबतीत तिचं वागणं मला आधी वाटलं तितकं कोरडं नाही. तिचे काठ बघा. हुआ छांग पुलाजवळ बान क्रुआ वस्ती आहे. इथले मुसलमान चाम वंशाचे; पहिल्या रामाच्या काळात सैन्यात केलेल्या कामगिरीबद्दल पूर्वजांना ही जमीन मिळाली. पुढे रेशीम विणण्यात त्यांनी नाव काढलं, आणि द्रुतगती मार्गासाठी वस्ती पाडायचं ठरलं तेव्हा वर्षानुवर्षं भांडून ती वाचवली. समोरच्या काठावर जिम थॉम्पसनचं घर. हा अमेरिकन दुसऱ्या महायुद्धानंतर इथे आला, राहिला, बान क्रुआच्या विणकरांचं रेशीम जगभर नेलं, जुनी सहा लाकडी घरं जोडून १९५९ मध्ये स्वतःचं एक केलं, आणि १९६७ मध्ये मलेशियाच्या कॅमेरून हायलँड्समध्ये फिरायला म्हणून गेला तो सापडलाच नाही. इथे स्थायिक झालेल्या प्रत्येक परदेशी माणसाच्या मनात एक छोटा जिम थॉम्पसन असतो. सागवानी घर, निळी चिनी भांडी, कालव्यावरची संध्याकाळ. बोट त्या घरासमोरून इतक्या वेगाने जाते की स्वप्न पुरं व्हायच्या आत पुढचा धक्का येतो.

आणखी पुढे नाना नावाचा थांबा. मराठी माणसाला इथे घरच्यासारखं वाटणं साहजिक आहे, पण ते आडनाव आहे. हिंदुस्थानातून व्यापारासाठी आलेल्या मुसलमान घराण्याचं. त्यातले लेक नाना इथे मोठे जमीनदार आणि मंत्री झाले. पूर्वेकडे काठाला मशिदी लागतात, दक्षिणेतून आलेल्या मलय मुसलमानांच्या वस्त्या लागतात. चिनी खणणारे, चाम विणणारे, मलय शेतकरी, एक अमेरिकन, एक गुजराथी पेढी. तिच्या काठावर मूळचं कोण हे विचारायला गेलं तर घोरपडीशिवाय कोणी हात वर करणार नाही. मग आपल्यावरच कशाला तिने वेगळी माया करावी?

तिला एक प्रेमकहाणीही आहे, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पूर्वेचं बांग कापी, जिथे आज मॉल आणि उड्डाणपूल आहेत, तिथे पूर्वी भातशेती होती. त्या शेतांतल्या ख्वान आणि रियाम यांची गोष्ट 'प्ले काव' या १९३६ च्या कादंबरीत आहे. वडाच्या झाडातल्या देवापुढे दोघं शपथ घेतात, घरच्यांचं वैर आड येतं, रियामला शहरात पाठवून देतात, आणि शेवटी दोघंही याच पाण्यात जीव सोडतात. १९७७ मध्ये चर्ड सोंगश्रीने केलेला यावरचा चित्रपट खूप गाजला. मिन बुरीकडे या जोडीच्या नावाने तरंगता बाजारसुद्धा भरतो. बोटीतल्या कोणाही पन्नाशीच्या थाई माणसाला ही गोष्ट विचारा, त्याचा चेहरा मऊ होईल. मग तो पाण्याकडे बघेल आणि पडदा वर ओढेल.

रात्र तिला मानवत नाही. बँकॉकची जगात जी कीर्ती आहे ती बहुतेक दिवे लागल्यानंतरची, आणि तिचा हिला पत्ताच नाही. रात्री आठच्या आगेमागे शेवटची फेरी, की बाई आडव्या. ज्या शहराला मध्यरात्री नूडल्स मिळतात, टाचा बसवून मिळतात, देवघरात ठेवायला झेंडूचे हार मिळतात, तिथे ही एकटी जेवून लवकर निजणारी. ऑफिसात उशीर झालेले धावत येतात, रिकामा धक्का बघतात आणि निमूट मोटारसायकलवाल्यांच्या नारिंगी जाकिटांकडे वळतात.

तिच्या गर्वाचा दिवस म्हणजे मोठा पाऊस. रस्ते तुंबतात, टॅक्सीवाले लाल दिवा लावून मान हलवतात, स्कायट्रेनच्या जिन्यांवर रांग खालपर्यंत येते. एरवी तिच्या वासाची टर उडवणारे त्या संध्याकाळी पायजमे घोट्यावर दुमडून धक्क्यावर हजर. ती भिजलेली, भरलेली, खुशीत असते. पण पाऊस अनेक दिवस टिकला आणि कालवा फार चढला, तर पुलाखालून छप्पर जाईना म्हणून तिला फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. ज्या दिवशी सगळ्या शहराने तिचे पाय धरावेत नेमकी त्या दिवशी ती घरी. अशी संधी हुकल्यावर पुढचे काही दिवस तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

तिचं माहेरपण बघायचं तर प्रातूनामला या. इथे सगळ्यांना उतरून दुसऱ्या बोटीत बसावं लागतं. पूर्वेची एक, पश्चिमेची एक. तिकीट तेच चालतं, पण घाई दुप्पट. त्यात धक्क्याच्या वर कपड्यांचा घाऊक बाजार. भारतातून आलेले व्यापारी आणि सहलीला आलेली मंडळी तिथून काळ्या पिशव्यांची गाठोडी घेऊन उतरतात. एकदा अशाच चार मावश्या उतरल्या, बहुधा सोलापूरकडच्या. प्रत्येकीच्या दोन्ही हातांत पिशव्या. बोट लागली. 'रेव, रेव!' सुरू झालं.

पहिल्या मावशींनी पिशवी आधी आत फेकली आणि मग स्वतः आल्या. 'ओरडतोस काय रे, येतोय ना!' कंडक्टर थाईत ओरडला, मावशी मराठीत. तो म्हणाला आत सरका, त्या म्हणाल्या तुझ्या बोटीत जागा आहे का सरकायला. एकमेकांचं एक अक्षरही न कळता दोघांना सगळं समजत होतं. मागच्या तिघींना त्याने दंड धरून आत घेतलं, दोर सुटला, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की एक काका, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, धक्क्यावरच राहिले आहेत.

'अहो, तुमचे हे राहिले!' मी म्हणालो.

मावशींनी मागे वळूनही पाहिलं नाही. 'येतील पुढच्या बोटीने. ३५ वर्षं मागूनच येतायत.'

कंडक्टर काठावरून आला. मावशींनी चौघींचे सुटे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले. हजाराची नोट नाही, घासाघीस नाही. त्याने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग काठावर बसलेल्या एका तरण्या पर्यटकाला उठवलं, मावशींना तिथे बसवलं आणि पडद्याचा दोर त्यांच्या हातात दिला. चितलोमच्या अलीकडे समोरून बोट आली. मावशींनी दोर ओढला, चोख. पलीकडच्या काठावर एक थाई साहेब फोनमध्ये गुंग होते.

'ओ भाऊ,' मावशी गरजल्या, 'फोन ठेवा, तुमच्या बाजूचा ओढा!'

साहेबांनी ओढला.